बेळगावला निघालेली बाई कुठे उतरली? कादंबरीसाठी गाव हवं आहे

सदाफुली (धागाकर्ती)

मंडळी, कादंबरी अर्धी लिहून झाली आहे आणि गावापाशी येऊन अडली आहे.

कथानक थोडक्यात असं. साल १९७८. गिरगावात राहणारी चौतीस वर्षांची शालन एक दिवस ट्रंक घेऊन बेळगावला बहिणीकडे निघते. घरात भांडण झालंय, पण मोठं काही नाही, रोजचंच. वाटेत एका गावात रात्र काढायची वेळ येते आणि ती तिथेच राहते. अकरा वर्षं. बेळगावला जातच नाही.

बहिणीची पत्रं लिहून झालीत, नवरा शोधत येतो तो प्रसंग झालाय. गाव मात्र अजून "ते गाव"च आहे. स्टेशन असलेलं, बाजारपेठ असलेलं, मध्यम आकाराचं. मला वाटत होतं की कुठलंही चालेल, कारण गोष्ट बाईची आहे, गावाची नाही. एका मैत्रिणीला वाचायला दिलं तर म्हणाली, हे गाव कॅलेंडरवरच्या चित्रासारखं आहे, सुंदर आहे पण तिथे कुणी राहत नाही.

तर खरं गाव घ्यावं की काल्पनिक? खरं घेतलं आणि आपण तिथे कधी राहिलोच नसू तर? कृपया "अमुक कादंबरी वाचा" असं सुचवू नका, ती यादी माझ्याकडे आहे. लिहिताना प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

खवचट_काका

आधी बाई नीट लिहा, गाव आपोआप येईल. भूक, मत्सर, एकटेपणा या गोष्टी सातारा काय आणि संभाजीनगर काय, सगळीकडे सारख्याच. हल्ली लोकांना कादंबरीत पर्यटन लागतं.

वांगीभात

काका, भूक सारखीच हो. पण १९७८ मध्ये एकट्या बाईला रात्री साडेनऊ वाजता ताट कोण वाढणार, हे गावागणिक बदलतं. आणि तिला लॉजवर खोली कोण देणार? "सोबत कोण आहे?" हा पहिला प्रश्न. तिथून गोष्ट सुरू होते ना.

मीटरगेज

सदाफुलीताई, "कुठलंही चालेल" म्हणताय तिथेच घोळ आहे. बेळगावचं तिकीट काढलेली बाई कराडला उतरेलच कशाला? मग तुम्हाला तिची तब्येत बिघडवावी लागेल, नाहीतर पाकीट चोरीला घालावं लागेल. असलं जुळवून आणलेलं वाचकाला लगेच कळतं.

मिरज घ्या.

१९७८ मध्ये मुंबईहून रेल्वेने बेळगावला जाणाऱ्या प्रत्येकाला मिरजेत उतरावंच लागायचं. पुणे-मिरज ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं, १९७१ मध्ये झालं, पण मिरजेहून पुढे बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होता. म्हणजे सामान उतरवा, हमाल बघा, फलाट बदला, दुसऱ्या गाडीत जागा पकडा. गोव्याला जाणाऱ्या मुंबईकरांचंही तेच, कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती १९९८ मध्ये. आणि हे कमी म्हणून तिसरी गाडी: पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज. ही बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. १६७६ मिलिमीटर, १००० मिलिमीटर आणि ७६२ मिलिमीटर, अशा तीन रुंदीचे रूळ एकाच स्टेशनात. एकाचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नाही, त्यामुळे माणसंच काय, मालसुद्धा उतरवून पुन्हा भरायचा. हमालांची अख्खी दुनिया त्यावर जगत होती.

आता बघा. मुंबईची गाडी उशिरा आली, पुढची मीटरगेज निघून गेली. ही रोजची गोष्ट, यात लेखकाने काहीच घुसडलेलं नाही. त्या फलाटावर घर सोडून निघालेली बाई ट्रंकेवर बसली आहे, आजूबाजूला अजून पन्नास जण तसेच बसलेत, आणि तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. कारण मिरजेत ट्रंकेवर बसलेलं माणूस ही बघण्यासारखी गोष्टच नाही. अशा गावात माणूस हरवून जाऊ शकतं. वाईत नाही जाणार. (वाईकरांनो, राग मानू नका. तुमच्याकडे स्टेशनही नाही.)

एकच अट: त्या काळाचं वेळापत्रक मिळाल्याशिवाय त्या प्रकरणाला हात लावू नका. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, रद्दीत मिळतात. गाडीची वेळ चुकली की आमच्यासारखी माणसं पुस्तक तिथेच मिटतात.

कवडसा

+१. वाचनखूण साठवली आहे.

सदाफुली

मीटरगेज, मी दोन वेळा वाचलं. माझ्या मसुद्यात तिला "अचानक उतरावंसं वाटलं" असं आहे. ते वाक्य आत्ताच खोडलं.

पण मिरज मी फक्त खिडकीतून पाहिलंय. उतरल्यावर ती करणार काय? पोट कशावर भरणार?

आजोळ_मिरज

माझ्या आईचं माहेर मिरजेचं, त्यामुळे लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पोटाचं म्हणाल तर मिरज हे दवाखान्यांचं गाव. अमेरिकन मिशनचे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे गावात डॉक्टरांची रांगच लागली. कर्नाटकातून, कोकणातून, पार सोलापूरकडून पेशंट येत. पेशंट कॉटवर, पण त्याच्याबरोबर आलेली दोन-तीन माणसं कुठे? ती भाड्याच्या खोलीत राहतात, स्टो पेटवतात, डबा लावतात, पंधरा-पंधरा दिवस, कधी महिनाभर. आमच्या आजीच्या माडीवर असे बिऱ्हाडकरू सतत असायचे. कुणी बरं होऊन गेलं की पेढे द्यायचं, कुणी रात्रीत सामान बांधून काही न बोलता जायचं. आजी त्या लोकांकडून जुजबी कानडी शिकली होती, तेवढ्यावर भाजीबाजार ते मर्तिक सगळं निभावायची.

तुमच्या शालनला इथे काम मिळेल. पेशंटच्या माणसांना जेवण करून घालायचं. आणि अशा गिऱ्हाइकाची एक सोय असते. ते तुमची चौकशी करत नाही. त्याच्या डोक्याला स्वतःचा व्याप असतो.

दुसरं म्हणजे सतारमेकरांची गल्ली. यात मात्र पोस्टकार्ड करू नका ही विनंती. प्रत्येक जण मिरज म्हटलं की सतारीचे सूर हवेत सोडतो. गल्लीत ऐकू येतो तो सूर नसतो, रंधा आणि कानस असते. हे लोक मुळात शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारीचं काम गेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून हे घराणं वाद्यांकडे वळलं. भोपळा येतो भीमेच्या काठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू जातीचा. वाळवलेले भोपळे दुकानाच्या माळ्यावर, खाली, दारात, जिथे जागा मिळेल तिथे रचलेले. पोट कापून आतलं खरवडून काढलं की जो वास येतो तो जुन्या धान्याच्या कणगीतल्यासारखा. दांडी तुणाच्या लाकडाची. वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश.

मी लहानपणी तासन्‌तास बघायचे ते जवारी लावताना, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवताना. कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेतो. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने घासतो, अगदी दोन-तीन हात, त्याहून जास्त नाही. फुंकर मारतो. तार चढवतो, छेडतो, मान तिरकी करतो. मग काही न बोलता तार उतरवून परत दोन हात. असं किती वेळा, याला हिशेब नाही. शेवटी तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवतो, आणि एका जागी आला की तोपर्यंत मुकी असलेली तार एकदम भरून बोलते. धागा केसभर पुढे गेला की परत मुकी. हे करताना कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला उभं राहावं लागतं. हो-नाही काही उत्तर मिळत नाही. माणूस उद्धट नसतो, त्याचा कान कामात असतो.

शालन त्या गल्लीत डबा पोचवायला गेली तर तिला दारात तसं उभं राहायला लावा. एवढं पुरे. सतार वाजवायला शिकवू नका तिला, हात जोडते.

आणि एक बोलण्याचं. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी बघतो" म्हणतात. गिरगावातली बाई पहिल्या दिवशी दचकेल. ते फक्त संवादात ठेवा, निवेदनात कोल्हापुरी फोडणी नको.

खवचट_काका

हे पर्यटन नाही, हे मान्य. पुढे चालू द्या.

भीमाकाठ

सगळे मिरजेच्या प्रेमात पडलेत म्हणून उलट बाजू मांडतो. मी काल्पनिक गावाचा माणूस आहे. दोन कादंबऱ्या लिहिल्या, दोन्हीत गाव बनवलेलं. खऱ्या गावाचं नाव घातलं की लोक त्यात स्वतःला शोधतात. नगराध्यक्ष लबाड दाखवला की "हा कोण?" सुरू. डॉक्टर पैसेखाऊ दाखवला तर अजूनच कठीण. काल्पनिक गावात हात मोकळा राहतो.

पण मोकळा हात फुकट मिळत नाही. मराठीत बनवलेल्या गावांची एक साचेबंद यादी आहे: पार, पिंपळ, पडका वाडा, सालस मास्तर, बेरकी पाटील. पाणी कुठून येतं हे कुणाला ठाऊक नसतं. मी आधी नकाशा काढतो. नदी कोणत्या अंगाला, वस्त्या कुणाच्या कुठे, स्मशान वाऱ्याच्या कोणत्या दिशेला, बाजार कोणत्या वारी, एसटी कुठे थांबते आणि शेवटची किती वाजता. मग पानापानाला ते पाळायचं. पहिल्या प्रकरणात नदी दहा मिनिटांवर असेल तर बाराव्यात पात्र धावत सुटून एका परिच्छेदात नदीवर पोचता कामा नये.

सदाफुली यांच्या गोष्टीत तीन गेजचं स्टेशन हवं असेल तर ते काल्पनिक गावात बसणार नाही. वाचक म्हणेल, ही मिरजच, नाव का लपवताय? म्हणून माझं मत: स्टेशन, दर्गा, हॉस्पिटल, नदी, पेठा खऱ्या. शालनचं घर, ती गल्ली, घरमालक, दुकानदार सगळे बनवलेले. वाईट वागणाऱ्या माणसाला खऱ्या दुकानाच्या पाटीखाली उभं करू नका.

पंचांगराव

मी फक्त तारखांच्या चुका काढतो, बाकी साहित्यातलं कळत नाही.

१९७८ धरलंय तर जुलै घ्या. त्या वर्षी आषाढी एकादशी जुलैच्या मध्याला होती. नॅरोगेज पंढरपूरला जायची, म्हणजे मिरज स्टेशनवर वारकऱ्यांची ही गर्दी. आणि त्याच आठवड्यात मुंबईत वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं, १८ जुलैला शरद पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आता दादा कुठले? सांगलीचे. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. त्या आठवड्यात स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर दुसरा विषय निघणं शक्य नाही. तुमची शालन मुंबईहून आली म्हटल्यावर कुणीतरी तिलाच विचारेल, "तिकडं काय म्हणत्यात?"

बाकी खबरदारी: तेव्हा मिरजेत नगरपालिका होती, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची. म्हणजे महापौर नको, नगराध्यक्ष. लातूरहून आलेला पेशंट "जिल्हा उस्मानाबाद" सांगेल, कारण लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. जुनी माणसं सांगलीला "दक्षिण सातारा" म्हणतील तर चालेल, १९४९ पासून १९६० पर्यंत जिल्ह्याचं तेच नाव होतं. पूर घालायचा मोह झाला तर २००५ आणि २०१९ चे आकडे १९७८ ला चिकटवू नका. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते दृश्य आता सगळ्यांच्या डोक्यात बसलंय आणि जुन्या काळाच्या लिखाणातही शिरतं.

सदाफुली

पंचांगराव, तुम्ही साहित्यातलं कळत नाही म्हणता आणि माझं पहिलं प्रकरण लिहून देता! वारकरी, पडलेलं सरकार आणि हुकलेली गाडी, तिन्ही एका फलाटावर. मी हे स्वतःहून रचलं असतं तर कुणालाही खोटं वाटलं असतं.

दूरदेशी_मेधा

मी बरीच वर्षं भारताबाहेर आहे आणि माझ्या कथा ठाण्यात घडतात. मला उलटी अडचण येते. जिथे राहिलोय तिथलं सगळं माहीत आहे असं वाटतं, म्हणून काहीच तपासलं जात नाही. माझ्या डोक्यातलं ठाणं मी निघाले त्या दिवशी थांबलंय. त्यामुळे न राहिलेलं गाव घ्यायला घाबरू नका, निदान तुम्ही विचारत तरी राहाल.

एक युक्ती: पात्राला काय दिसतं याऐवजी पात्राला काय माहीत नाही, ते लिहून काढा. शालनला नळाला पाणी किती वाजता येतं ते माहीत नाही. कुठल्या दुकानात उधारी चालते ते माहीत नाही. कुणाच्या घरासमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यावा लागतो ते माहीत नाही. मग तुमचं अज्ञान आणि तिचं अज्ञान एकाच वेगाने कमी होईल.

कवडसा

हे भारी आहे. पण नवव्या-दहाव्या वर्षी तिला सगळं माहीत असेल, तेव्हा लेखिकेलाही असावं लागेल.

दूरदेशी_मेधा

अर्थात. म्हणून तोपर्यंत चार वेळा मिरजेला जाऊन यावं लागेल. सुटका नाही.

वांगीभात

अवांतर: संगीत पूर्ण वगळू नका हं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. उरसात तिथे आजही रात्र रात्र गाणं होतं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करही बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेतच शिकले.

आजोळ_मिरज

वगळू नका, पण शालनला मैफलीत पुढे बसवू नका. गावातली कितीतरी माणसं उरसाला जातात ती पाळण्यात बसायला, बांगड्या घ्यायला आणि खायला. गाणं मागे चालू असतं. तिची उरसाची पहिली रात्र भांडी घासण्यात गेली तर मला जास्त पटेल, कारण त्या दिवसांत पाहुणेच पाहुणे.

सदाफुली

शेवटाबद्दल विचारते. मला उपसंहार २०१६ मध्ये न्यायचाय. तेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवते ना? शालन तेव्हा बहात्तर वर्षांची. ती स्टेशनवर उभी राहून बघते, असं काहीतरी.

मीटरगेज

तपशील पक्का आहे: एप्रिल २०१६, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. आणि ती गेली कुठून? पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे तुमची जुनी नॅरोगेज जिथून जायची तिथूनच. रूळ ब्रॉडगेज झाले होते म्हणूनच ब्रॉडगेजच्या वाघिणी तिथून जाऊ शकल्या.

भीमाकाठ

तपशील उत्तम, प्रसंग मात्र टाळा. बातमीत गाजलेली घटना शेवटाला आणली की कादंबरी बातमीच्या मागे उभी राहते. शालनचा त्या गाडीशी संबंध काय? तिची गोष्ट १९८९ ला संपते ना?

मीटरगेज

माझा जीव रेल्वेत असूनही भीमाकाठ यांच्याशी सहमत.

पंचांगराव

मी असहमत. १९८९ पर्यंत मिरजेत तिन्ही गेज होते. म्हणजे तिने रोज ठरवलं असतं तरी ती बेळगावची गाडी पकडू शकत होती. नंतर गेज बदललं, गाड्या थेट जायला लागल्या आणि गाडी बदलायला मिरजेत कुणाला उतरायची गरज उरली नाही. हे कुठेतरी यायला हवं. पाण्याची गाडी नको, पण गेज बदललेलं यावं.

सदाफुली

दोन्ही बाजू पटताहेत, म्हणजे आज ठरणार नाही. उपसंहार बाजूला ठेवते.

सध्याचा निर्णय असा: गाव मिरज, नावासकट. गल्ली आणि माणसं माझी. जुलै १९७८. ती पेशंटच्या नातेवाइकांना जेवण करून घालते, दुसऱ्या वर्षी छोटी खानावळ काढते. खानावळ स्टेशनच्या बाजूला की हॉस्पिटलच्या?

आजोळ_मिरज

हॉस्पिटलच्या. स्टेशनचं गिऱ्हाईक एकदाच जेवतं आणि जातं. शिवाय स्टेशनजवळ बाई गल्ल्यावर बसली की बोलणारे चार जण निघतात. दवाखान्याच्या बाजूला तिला लोक "मावशी" म्हणायला लागतील, वय चौतीस असलं तरी.

खवचट_काका

सगळे गल्ली आणि गाड्या सांगताहेत, मी एक विचारतो. रेशनकार्डाचं काय?

रोज वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे रॉकेल लागणार. १९७८-७९ मध्ये रॉकेल कार्डावर. शालनचं नाव गिरगावच्या कार्डावर आहे. मिरजेत नवं कार्ड काढायचं तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि मूळ कार्ड नवऱ्याच्या कपाटात. म्हणजे एकतर तिने काळ्या बाजारातून चढ्या भावाने रॉकेल घ्यायचं, नाहीतर कुणाच्या तरी कार्डावर आपलं नाव चढवून घ्यायचं आणि त्याच्या उपकाराखाली राहायचं, नाहीतर नवऱ्याला पत्र टाकून पत्ता कळवायचा.

मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं गाव आपोआप येईल. ते राहू दे. रॉकेल आपोआप येत नाही एवढं खरं.

सदाफुली

काका! नवरा मिरजेत कसा पोचतो हे मी आत्तापर्यंत "कुणाकडून तरी कळलं" असं मोघम ठेवलं होतं. आता पत्र तीच टाकते, आणि पत्रात फक्त दाखला मागते. बाकी एक शब्द नाही.

सातवं प्रकरण पुन्हा लिहायला घेते. कुणाकडे त्या काळातलं नाव कमी केल्याच्या दाखल्याचं कोरं छापील नमुन्याचं पान असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्यावर कोणकोणते रकाने असायचे ते बघायचंय.